राजापूरचं कोणी नसेल अशी जागा

राजश्री हातणकर राजापूरच्या पोस्टातून बदली करून घेऊन आमच्या रत्नागिरीच्या पोस्टात आली, ती दिवाळीनंतर. आल्या आल्या मधल्या सुट्टीत तिने मला विचारलं, "दमयंतीताई, तुम्ही इथल्याच ना? भाड्याची जागा बघायला याल माझ्याबरोबर?"

नवरा सागर मालवाहू जहाजावर फिटर. तो तेव्हा समुद्रावर होता. मुलगी अक्षया नववीत. दोघी मायलेकी स्टँडजवळच्या लॉजवर उतरल्या होत्या. शाळेचं वर्ष अर्धं सरलेलं, पोर हाताशी, आणि शहरात ओळखीचं कोणी नाही. मी लगेच हो म्हटलं.

पहिली जागा मारुती मंदिराजवळ होती. हवेशीर, बाजार दोन पावलांवर, मालक निवृत्त शिक्षक. मी नळ सोडून पाण्याचा जोर बघत होते. राजश्रीने मात्र स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नाही. दारातूनच तिने विचारलं, "या बिल्डिंगमध्ये राजापूरचं कोणी राहतं का?"

मालक खूश झाले. "राहतात की! खालीच आहेत. तुम्हाला सोबत होईल."

"बघून कळवते," म्हणून ती जिना उतरायला लागली. साळवी स्टॉपला तेच झालं. शिवाजीनगरात तर मालकीणच मूळची राजापूरची निघाली, आणि राजश्री चपला न काढताच मागे फिरली. मला वाटलं, ही सासरच्यांपासून लपून आली असावी. एका टपरीवर चहा घेताना मी सरळ विचारलं, "राजश्री, कुणाची भीती आहे तुला?"

तिने कप खाली ठेवला. "माझ्यासाठी नाही हो. अक्षयासाठी."

मग तिने जे सांगितलं ते असं.

राजापूरच्या शाळेत अक्षयाची एक मैत्रीण होती, नम्रता. शहरापासून आत असलेल्या एका वाडीतून एसटीने यायची. दोघी एका बाकावर. गौरी आणायच्या दिवशी नम्रताने अक्षयाला घरी बोलावलं. तिकडे तेरड्याच्या रोपांची गौर मांडतात. तो तेरडा आणायला दोघी पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडून पलीकडच्या कातळी सड्यावर गेल्या. जाताना पऱ्याला पोटरीएवढं पाणी होतं. वर डोंगरात पाऊस पडला असणार, येताना पाणी साकवाला लागलं होतं. साकव म्हणजे दोन ओंडके आणि धरायला एक बांबू. अक्षया पुढे होती आणि तिने मागे हात देऊन नम्रताला धरलं होतं. नम्रताचा पाय सरकला. हात ओला, तेरड्याची ओझी दोघींच्या काखेत. अक्षयाने ओझं टाकून दुसरा हात पुढे केला, तोवर पहिला सुटला होता.

नम्रता दुसऱ्या दिवशी खाली बंधाऱ्यापाशी सापडली.

"पंचनामा झाला, पोलीस म्हणाले अपघात," राजश्री सांगत होती. "पण बाजारात सगळे म्हणायला लागले की हातणकरांच्या मुलीने हात सोडला. शाळेत तिच्या बाकावर कोणी बसेना. आया मुलींना सांगायच्या, तिच्याबरोबर कुठे जाऊ नका. मी खिडकीवर बसायचे तर माणसं रजिस्टरची पावती घेता घेता विचारायची, तुमचीच ना ती? सागर फोनवर म्हणाला, जागा बदल. जागा बदलली की विसरेल ती."

त्या दिवसापासून मालकाला तो प्रश्न मीच विचारायला लागले. शेवटी मी राहते त्या नाचणे भागातच, दोन गल्ल्या सोडून, जागा मिळाली. दोन खोल्या, मागे फणसाचं झाड. वरती चिपळूणचं कुटुंब, शेजारी कोल्हापूरकडचं. राजश्रीने तिथल्या तिथे हो सांगितलं.

शाळेचंही तसंच. दोन शाळा बघितल्या, आणि तेव्हा अक्षया बरोबर होती. उंच, सावळी, मान खाली. पहिली शाळा कुवारबावच्या बाजूला, लहानशी. मुख्याध्यापिकांनी स्वतः उठून वर्ग दाखवले. अक्षया व्हरांड्यात एका मुलीचं चित्र बघत बराच वेळ उभी राहिली. त्या महिनाभरात ती कशापाशी थांबल्याचं मी पहिल्यांदा बघत होते. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे राजापूरच्या दोघी आहेत, हिला लवकर रुळायला होईल." राजश्रीने मुलीचा दंड धरला आणि आम्ही निघालो. रिक्षात अक्षया म्हणाली, "आई, ही बरी होती."

"दुसरी बघू," राजश्री म्हणाली.

दुसरी शाळा शहरात. एकेका इयत्तेच्या चार-चार तुकड्या, प्रार्थनेला मैदान भरून जातं. तिथे कोण कुठून आलं याची कोणाला फिकीर नव्हती. राजश्रीला तेच हवं होतं. मुख्याध्यापकांनी दाखला बघून विचारलं, "वर्षाच्या मध्येच का?" ती म्हणाली, "माझी बदली झाली." ते खोटं नव्हतं.

हिवाळा नीट गेला. अक्षया शाळेत जायची, यायची, अभ्यास करायची. रविवारी आईबरोबर माझ्याकडे जेवायला यायची आणि न सांगता ताटं उचलायची. राजश्रीचा चेहरा थोडा उजळला होता. मला म्हणाली, "सागर म्हणत होता तेच खरं. विसरतेय ती."

मग फेब्रुवारीत एक दिवस राजश्री पोस्टात आली ती डोळे सुजलेली. टपाल लावता लावता तिचे हात थांबत होते. मी तिला मागच्या खोलीत नेलं.

आदल्या संध्याकाळी अक्षया शाळेतून आली आणि दप्तर न काढता जमिनीवर बसून राहिली. तिच्या बाकावर दीपाली नावाची मुलगी बसायची. तिने सहज विचारलं होतं, "तिकडे तुझी बेस्ट फ्रेंड कोण होती गं?" आणि अक्षयाने उत्तर दिलं होतं, "कोणी नव्हती."

"आई, मी म्हटलं कोणी नव्हती," ती राजश्रीला सांगत होती. "ती होती ना? पाचवीपासून होती. मी म्हटलं, नव्हती."

राजश्री तिला समजवायला गेली. म्हणाली, "तू बरोबर बोललीस बाळा. कशाला सगळ्यांना सांगायचं?" तेव्हा अक्षया उठून उभी राहिली. "तू तिचं नावसुद्धा घेत नाहीस. इथे आल्यापासून एकदाही नाही. सगळे म्हणतात मी हात सोडला. तुलापण तसंच वाटतं, म्हणून तू मला लपवून ठेवलंयस."

हे सांगताना राजश्री माझ्याकडे बघत नव्हती. "ताई, मला तसं कधीच वाटलं नाही. पण मी तिला कधी तसं सांगितलंही नाही. विषयच निघू दिला नाही. मला वाटलं, हेच तिच्या भल्याचं."

मग ती म्हणाली, "अक्षयाला नम्रताच्या आईकडे जायचंय. मी एकटी नाही नेऊ शकत तिला. तुम्ही याल?"

शनिवारी दुपारी पोस्ट लवकर सुटलं आणि आम्ही राजापूरची एसटी धरली. पुढे वाडीपर्यंत रिक्षा. रिक्षावाल्याला वाटेतला पऱ्या टाळून वरच्या रस्त्याने न्यायला राजश्रीनेच सांगितलं. पऱ्या कोरडा होता, तरी.

नम्रताच्या आईचं नाव मालन. नवरा मुंबईत, गोदामात कामाला. सासू दादरला मुलीकडे गेलेली. घरात मालन एकटीच होती, अंगणात कुळथाच्या टोपल्या आवरत. आम्हाला बघून ती उठली नाही. अक्षयाकडे बघितलं आणि मान फिरवली. मी पडवीत थांबले. राजश्री काहीतरी बोलायला गेली, पण तिला हुंदकाच आला.

मालननेच शेवटी विचारलं, "कशाला इलात?"

अक्षया म्हणाली, "काकी, माझा हात सुटला. मी सोडला नव्हता. मी तुम्हाला येऊन सांगितलंच नाही."

मालन टोपलीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हात कसा सुटला ता मला सगळ्यांनी सांगितलानी. पोलिसांनी सांगितलानी, सरपंचांनी सांगितलानी. माझं बाय शेवटी काय बोलत होतं, ता कोणी सांगितलान नाय. तुला आठवतंय?"

अक्षयाला आठवत होतं. तिने सांगितलं. नम्रताच्या नव्या चपलांचा अंगठा चावत होता, म्हणून ती सड्यावरून येताना चपला हातात घेऊन चालत होती आणि कुरकुरत होती की बाबांनी मुंबईहून आणताना माप विचारलंच नाही. पण बाबांना सांगू नको म्हणत होती, कारण त्यांनी हौसेने आणल्या होत्या. मग गौरीला घावणे करणार की नाही यावरून दोघींची पैज लागली होती. नम्रता म्हणत होती, आई करतेच, खोबऱ्याचा रस घालून करते.

मालनने पदर तोंडाशी धरला. "केले व्हते," ती म्हणाली. "केलेले तसेच रव्हले."

मग ती रडली. कोणाला धरून नाही, एकटीच, गुडघ्यांवर डोकं ठेवून. अक्षया जवळ गेली नाही आणि लांबही गेली नाही. अंगणात तिथेच बसून राहिली. राजश्रीही तिच्या शेजारी मातीत बसली.

निघताना मालनने आम्हाला चहा दिला. अक्षयाच्या हातात कप देताना ती म्हणाली, "तू येऊन बरं केलंस. पण परत ये असं मी म्हणूची नाय. तुझ्याकडे बघितलं की मला ती दिसते. मला नाय सोसत, बाय." अक्षयाने मान हलवली. तिला ते समजलं असावं. मला मात्र ते ऐकवलं नाही, मी रिक्षाकडे चालू लागले.

परतीच्या गाडीत राजश्री बोलत होती आणि अक्षया ऐकत होती. राजश्री नम्रताबद्दल बोलत होती. ती घरी यायची तेव्हा काय खायची, एकदा पोस्टात येऊन स्टॅम्पसाठी कशी हट्ट करून बसली होती. मध्येच तिने मुलीचा चेहरा हातात धरला आणि म्हणाली, "तू सोडला नाहीस. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सांगायला हवं होतं." एसटीतली माणसं बघत होती. तिने पर्वा केली नाही.

सोमवारी अक्षयाने दीपालीला सगळं सांगितलं. ते वर्गात पसरलं, आणि एक-दोन मुली तिला टाळायला लागल्या. दीपाली तिच्या शेजारीच बसत राहिली. राजश्री शाळेत जाऊन वर्गशिक्षिकांना स्वतः भेटून आली. तिने अक्षयाला शाळा बदलण्याबद्दलही विचारलं होतं. "कुवारबावची बघायची का पुन्हा?" अक्षया नको म्हणाली. एकदा सगळं सांगून झालं होतं, पुन्हा नव्या ठिकाणी पहिल्यापासून सांगायचा तिला कंटाळा होता.

सागर एप्रिलमध्ये सुट्टीवर आला. राजापूरचं घर विकायचं का, यावर नवरा-बायकोत बरीच बोलणी झाली. शेवटी नाही विकलं. गणपतीला तिघं तिकडे जातात, दरवाजे उघडून झाडलोट करतात. मालनच्या वाडीला मात्र जात नाहीत, तिने नको म्हटलंय म्हणून.

अक्षया आता अकरावीत आहे, विज्ञान शाखेला. अभ्यासात ठीक आहे, फार हुशार नाही. पावसाळ्यात तिला एकटीला कॉलेजात जायला जड जातं. भाट्याच्या खाडीवरचा पूल तर ती अजूनही ओलांडत नाही. त्या दिवसांत राजश्री ड्यूटीच्या वेळा बदलून घेते आणि दोघी बरोबर निघतात. कधी राजश्रीला रजा मिळाली नाही तर मी जाते. वाटेत अक्षया माझ्याशी काहीबाही बोलते, त्यात नम्रताचं नाव कधी कधी येतं, आणि ते घेताना तिचा आवाज आता पूर्वीसारखा अडखळत नाही.