जावयानं आणलेलं पुटीन

पुटीनचं नाव निघालं की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. कॅनडातला पदार्थ, पण आयर्लंडमध्ये, आम्ही राहतो त्या गॉलवेतल्या एका साध्याशा खाण्याच्या ठिकाणी आम्ही पहिल्यांदा खाल्ला. तळलेले बटाटे, त्यावर चीजचे गोळे आणि वरून गरम तपकिरी रस्सा. मी, माझा नवरा आणि नाशिकहून आलेली माझी आई, असे तिघं होतो.

आई आल्यापासून नीट जेवत नव्हती. गारठ्यानं तिची भूकच मेली होती आणि बाहेर तर ती पाण्याशिवाय कशाला हात लावायची नाही. आमच्या माहेरी अंडंसुद्धा कधी शिजलेलं नाही. पण त्या दिवशी नवरा काउंटरवरून ट्रे घेऊन आला आणि म्हणाला, "आई, बिनधास्त खा. प्युअर व्हेज आहे, मी विचारलंय." जावयानं स्वतः आणून समोर ठेवलेलं बाजूला सारणं आईला जमणारच नव्हतं. तिनं हात जोडले आणि खायला सुरुवात केली.

आणि तिला आवडलं! मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू. बटाटे रश्शात भिजून मऊ झाले होते, चीज दाताखाली करकरत होतं. आई म्हणाली, "अगं, जरा रस्सा मिळेल का अजून?" तिनं आपण होऊन काही मागितलं, याचाच मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ धावतच काउंटरवर गेले.

तिथल्या मुलीनं विचारलं, "बीफचाच देऊ ना? व्हेजपण आहे, फक्त गरम करायला वेळ लागेल." मग माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मघाशी युअर मॅनला सांगितलं, तर म्हणाला, बीफचा ग्रँड आहे, चालेल."

म्हणजे फक्त थोडं थांबायचं होतं. तेवढंही त्याच्यानं झालं नाही!

मी परत आले आणि आईसमोरची डिश ओढून घेतली. नवऱ्याच्या काय ते लगेच लक्षात आलं. तो इंग्रजीत पुटपुटला, "सीन नको करू यार. त्यांना कळणारही नाही. किती दिवसांनी पोटभर खातायत, बघ ना." आई समोर बसलेली असताना, तिच्याबद्दल, तिला न समजणाऱ्या भाषेत! माझी आई काय कुकुलं बाळ आहे, काहीही भरवायला?

मी मराठीत, मोठ्यानं सांगितलं, "आई, त्या रश्शात गाईचं मांस होतं. आणि ह्याला ते माहीत होतं."

आईनं काटा खाली ठेवला. मला वाटत होतं, आता हिनं त्याला चांगलं फैलावर घ्यावं. पण जावयाला बोलायची तिला सवयच नाही, आणि मला त्याचाही संताप आला. ती बराच वेळ कागदी रुमालानं ओठ पुसत राहिली. मग नेहमीच्याच आदरानं तिनं त्याला विचारलं,

"आणि रविवारी ही घरी नसताना तुम्ही मला सूप करून दिलंत, ते?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.