जावयाचे पैसे

तुमची पणजी, म्हणजे माझी आई, लंडनमध्ये एजवेअरला आमच्याकडे कायमची कशी राहिली, हे तुमच्यापैकी कोणालाच नीट ठाऊक नाही. म्हणून लिहून ठेवते.

ऐंशीच्या दशकात ती आमच्याकडे भेटीला आली होती. पुण्यात तिला बघणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून तिला इथेच ठेवून घेण्यासाठी आम्ही अर्ज केला. मुलाखतीत इमिग्रेशन खात्याच्या अधिकाऱ्याने विचारलं, तुमचा खर्च कोण करतं? आईने ताठ मानेने सांगितलं की जावयाचा एक पैसाही ती घेत नाही. ते खरंच होतं. तिला दर महिन्याला पैसे जायचे ते माझ्या शाळेच्या पगारातून, आणि मुलीचे पैसे तिच्या लेखी वेगळे. पण दुभाष्याने तेवढंच सांगितलं, अधिकाऱ्याने तेवढंच लिहून घेतलं, आणि ती आमच्यावर अवलंबून नाही असं म्हणून अर्ज नाकारला गेला. माझ्या बँकेचे कागद अर्जाला जोडलेले होते. ते कोणी उघडूनही पाहिले नव्हते.

आमचा सॉलिसिटर इल्फर्डचा, महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंचा मुलगा. त्याने हायकोर्टात दाद मागितली. कोर्टात बाजू मांडणाऱ्या बॅरिस्टरची फी माझ्या आवाक्याबाहेरची होती, ती तुमच्या आजोबांनी भरली. आईला कळलं तेव्हा ती दोन दिवस धड जेवली नाही.

सुनावणी जवळ आली तसं खात्याने माघार घेतली. आईला राहू देतो, म्हणाले, फक्त खटल्याचा खर्च ज्याचा त्याने सोसावा. सॉलिसिटर ही बातमी घेऊन घरीच आला. मी आनंदाने रडायला लागले. तो म्हणाला, "काकू, सही करून टाका."

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत मटार सोलत होती. तिने विचारलं, "आणि जावईबापूंचे पैसे?"

तो म्हणाला, "आजी, ते आता विसरायचे."

"मग माझं तिकीट काढा. चूक त्यांची आणि भुर्दंड जावयाला? असं करून मी इथे राहायची नाही."

आम्ही खूप समजावलं. ती ऐकेना. शेवटी खटला मागे घेताना सॉलिसिटरने खर्चाची मागणी कायम ठेवली. न्यायाधीशांनी फार वेळ घेतला नाही. कागद समोर असताना पाहिले नाहीत आणि कोर्टात आल्यावरच निर्णय बदलला, तेव्हा खर्च खात्यानेच द्यावा, असं ते म्हणाले. पुढे कोर्टाच्या अधिकाऱ्याने बिल तपासून बरीच काटछाट केली. सगळे पैसे कधीच परत मिळत नाहीत, हे सॉलिसिटरने आम्हाला आधीच सांगितलं होतं. आईला मात्र कोणीच सांगितलं नव्हतं.

चेक आला त्या संध्याकाळी आजोबा हॉस्पिटलमधल्या कामावरून आले, तर आईची बॅग भरून दाराशी ठेवलेली. पैसे कमी आलेत, तेव्हा मी निघते, असं तिने त्यांना शांतपणे सांगितलं.

त्यांनी कोटही काढला नाही. म्हणाले, "आई, म्हणजे उरलेले मला तुमच्याकडून यायचे आहेत. ते फिटेपर्यंत तुम्हाला जाता कसं येईल?"

आईने विचारलं, "कसे फेडू?"

"रविवारी पुरणपोळी करा. एका रविवारचा एक पौंड धरू."

आई विचार करून म्हणाली, "दीड धरा. पुरण वाटायला इथे पाटा नाही."