गोडाचा आळ

त्या सकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. बायकोनं चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "अवो, तुमच्या डॉक्टरले सांगू नका बरं, चोरून खाल्ले म्हणून." दोघंही हसलो. दुपारी तिच्या छातीत कळ आली. बाळापूरहून मोटार येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दिवस मावळायच्या आत तिला जाळूनही आलो.

चोरून खाण्याची ही गोष्ट अकोल्याच्या डॉक्टरनं काढलेली. साठ सालानंतरचे दिवस. बायकोला साखरेचा आजार, आणि पहिल्या बाळंतपणापासून अंगानं भरलेली. इन्सुलिनची सुई रोज मीच टोचायचो. काचेच्या नळीत निळं औषध घालून लघवी तापवायची. निळी राहिली तर ठीक, विटकरी झाली तर साखर. डॉक्टर सुईतलं औषध वाढवत गेला, रंग विटकरीच येत गेला.

मोठा शिकलेला माणूस. भिंतभर कागद टांगलेले. नळी उजेडात धरून म्हणाला, "बाई, खरं सांगा. गोड काय खाता चोरून?"

"काई नाई जी. चाय बी बिनसाखरेचा."

"मग भात बंद करा."

आमच्या घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकर. भात सणावाराला. परतताना बायको म्हणाली, "सणच बंद करा म्हणते तो." तेही केलं. रंग काही हटला नाही. मग डॉक्टरनं माझ्याकडं पाहून सांगितलं, घरात लक्ष ठेवा.

हे ऐकून सगळ्यात खूश झाली माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. जेवून उठली की स्वतः गुळाचा खडा चघळायची. तिनं गुळाच्या डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. "हवा खाऊन का एवढं आंग येते व माय?" हे तर रोजचंच. बायकोला मरणाचं भय नव्हतं. "मी चोट्टी नाई, एवढं कोनी सांगा या लोकायले," एवढंच तिचं म्हणणं.

मी सांगायचो. ऐकतो कोण? डॉक्टरच्या कोटापुढं माझं धोतर.

फार वर्षांनी डॉक्टरकी शिकलेल्या नातीनं मला समजावलं. लठ्ठ माणसाच्या रक्तात इन्सुलिन पुष्कळदा भरपूर असतं. त्याची हाक घेणाऱ्या जागा स्नायूत असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. पण अशा अंगात ती हाक आत नीट पोचतच नाही. स्नायू साखर घेत नाही, ती रक्तातच पडून राहते.

मी म्हटलं, म्हणजे सरकी काढायच्या जिनासारखं. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत यंत्र रिकामं, आणि फाटकवाला घंटी ऐकत नाही.

"तसंच, आबा," ती म्हणाली.

आणि आमचा डॉक्टर काय करत होता? घंट्या वाढवत होता, वर गाडीवाल्यालाच चोर म्हणत होता. तेव्हा त्याला हे ठाऊक नसेल, मान्य. मग ठाऊक नाही म्हणायला काय जीभ झडली होती?

बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राख सावडायला निघालो. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काही तिथं ठेवायची आमच्याकडं रीत. दारातच वहिनीनं जिलबीची पुडी पुढं केली. गल्ली जमली होती. म्हणाली, "घ्या भाऊजी. यातच जीव अटकला असन तिचा."

मी पुडी तिच्याच हातात परत ठेवली. "तुमीच खा वहिनी. तुमाले आवडते."

मग घरात गेलो. आदल्या दिवशी आम्ही सोललेले तुरीचे दाणे टोपलीत तसेच होते. ओंजळभर धोतराच्या सोग्यात घेतले, शेजारच्यांनी आणून ठेवलेली अर्धी भाकर घेतली, आणि दोन्ही सगळ्यांच्या देखत नेऊन राखेपाशी ठेवलं.