हॅरोतला वन्स मोअर

दोन हजार साल नुकतंच सरलं होतं. मिरज स्टेशनवर गाडी हलली आणि माझ्या वडिलांनी, आप्पांनी, खिडकीतून बजावलं, "तिकडे जाऊन मुका होऊ नकोस!" डब्यातले लोक हसले. मी रडत होतो.

लंडनच्या हॅरो उपनगरात येऊन मुका झालोच. मी भूलतज्ज्ञ, माझे श्रोते तसेही झोपतात. शेजारी राहायचे सिन्योर तोमासो, इटालियन संगीतकार. तरुणपणी त्यांचा पहिला ऑपेरा त्यांच्या गावात गाजला. मग बायकोसाठी लंडनला आले, आणखी चार ऑपेरे लिहिले. एकही रंगमंचावर आला नाही. पोट पियानोच्या शिकवण्यांवर. बायको गेल्यावर त्यांनी ठरवलं, पियानो विकायचा, लिहिणं बंद, गावी परत. "डॉक्टर, या देशात माझं कोणी ऐकतच नाही," म्हणायचे.

निरोप म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांच्या शेवटच्या ऑपेराचा एक अंक चर्चच्या हॉलमध्ये बसवला. पियानोवर सिन्योर स्वतः. नेमके तेव्हा आप्पा आमच्याकडे आलेले. संगीत नाटकांवर पोसलेला माणूस, कानटोपी घालून पहिल्या रांगेत! नायिकेचं गाणं संपलं. हॉलभर सभ्य, बेताच्या टाळ्या. आणि आप्पा उठून गरजले, "वन्स मोअर!"

शब्द अस्सल इंग्रजी, पण एकाही इंग्रजाला कळेना. मी त्यांचा कोट ओढला. "आप्पा, बसा! इथे असं करत नाहीत."

"मग त्या पोरीला कळणार कसं?"

सिन्योर वळले. "बिस?" त्यांनी चाचरत विचारलं. इटलीत वन्स मोअरला तेच म्हणतात.

"बीस? वीसदा नको हो, एकदाच पुरे!" आप्पा म्हणाले.

मी भाषांतर करेपर्यंत गाणं सुरूसुद्धा झालं होतं. मुलगी या खेपेला सावकाश, जीव ओतून गायली. सिन्योरांचे गाल ओले होते. दुसऱ्या दिवशी पियानो न्यायला व्हॅन आली. त्यांनी ती रिकामीच परत पाठवली.

आप्पा मिरजेला परतले आणि काही वर्षांनी तिथेच गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मिरजेला निघताना मी 'घरी जातो' म्हणतो, तिथून निघतानाही तेच म्हणतो. त्या खेपेला दोन्हीकडे जीभ अडखळली.

हॅरोत परतलो त्या संध्याकाळी सिन्योरांनी मला हाताला धरून नेलं, पियानोशेजारी बसवलं आणि ते गाणं वाजवलं. गाणं संपलं. माझ्या तोंडून ते दोन शब्द फुटेनात. सिन्योरांनी मान डोलावली आणि कोणी न मागता पहिल्यापासून सुरुवात केली.