उलटी गाठ

"कोण म्हणता?"

तुम्ही काहीही सांगा, मावशीचं पहिलं उत्तर हेच. हनुवटी वर, डावी भुवई त्याहून वर आणि मालवणी सुरातले दोन शब्द. मावशी, आज पाणी येणार नाही म्हणे. "कोण म्हणता?" मावशी, पुढच्या वर्षी चाळ पाडणार म्हणे. "कोण म्हणता?" अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. त्यांना बातमी नंतर हवी असते, आधी बातमी देणाऱ्याचं नाव हवं असतं.

लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर चौथी खोली माझी, पाचवी तिची. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि संध्याकाळी चाळीतल्या मुलांना घेऊन गॅलरीत बसतो. मावशी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. बॉबिनवरचं सूत शंकूसारख्या मोठ्या कोनावर चढवायचं आणि मध्येच धागा तुटला की गाठ मारून जोडायचा, हे काम तिने गिरणी बंद पडेपर्यंत केलं. पुढे पोळीभाजीच्या दुकानात पोळ्या लाटल्या. नवरा गेला, मुलगा लग्न करून विरारला राहायला गेला. मावशी खोलीतून हलली नाही.

घरातला दोरा-सुतळी जोडतानाची तिची गाठ मी शेकडो वेळा पाहिली आणि एकदाही नीट पाहिली नाही. दोन टोकं बोटांत यायची, अंगठा काहीतरी करायचा आणि धागा अखंड व्हायचा. त्या वेळात तिचं तोंड चालू असायचं आणि नजर गॅलरीतून जाणाऱ्या-येणाऱ्यावर असायची.

एका मे महिन्यात मुलं कंटाळली म्हणून तिने त्यांना ही गाठ शिकवायला घेतली. गिरणीत म्हणे शिकाऊ बाईच्या पाठीमागे उभं राहून, तिच्या हातांवर हात ठेवून शिकवत. पण मावशीचे गुडघे गेलेले. ती उंबऱ्यावर बसली आणि मुलांना समोर बसवलं. व्हायचं तेच झालं. ती उजव्या अंगठ्याने जे करी ते समोरची मुलं डाव्याने करू लागली, आरशात पाहून केस विंचरावेत तशी. गाठ बसायची, सुटायचीही नाही, पण मावशीला ती बघवेना. "उलटी मारतास रे मेल्यांनू! जॉबरान बघितल्यान असता तर घराक धाडल्यान असता." जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. महिनाभर ओरडून ती थकली. पोरं मात्र उलटीच गाठ मारत राहिली. त्यात प्रज्ञा नावाची दहा वर्षांची मुलगी सगळ्यांत तरबेज.

दोन वर्षांनी एका सकाळी मावशीच्या हातातून दुधाचं पातेलं पडलं. आवाज ऐकून मी धावलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. इस्पितळात कळलं की मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. बोलणं चार दिवसांनी परत आलं. पहिले दोन शब्द कोणते ते सांगायला नको. पायही काठीच्या आधाराने चालू लागला. उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला.

सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "आता फार काही सुधारेल असं वाटत नाही." मावशीने त्यांनाही विचारायचं ते विचारलंच. ते बिचारे माझ्याकडे बघू लागले.

त्या रविवारी मुलगा आला. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. "आई, एका हाताने गॅस कसा पेटवणार? रात्री पडलीस तर? चल माझ्याकडे. खोलीला कुलूप लावू."

"कुलूप खोलीक नाय, माका लावतलंस," मावशी म्हणाली. मग तिनेच तोडगा काढला. दसऱ्यापर्यंत तिने दोन्ही हात लावून वाइंडिंगची गाठ मारून दाखवली तर ती इथेच राहणार. नाही जमली तर पिशवी भरून विरार. मुलाने मान डोलावली. त्याला वाटलं असणार, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

"तुका ल्हानपणी शिकवलेली मां ती गाठ? जरा दाखव," ती त्याला म्हणाली.

"ती कधीच विसरलो गं. मला नाही येत."

यावर मावशीने तिचे नेहमीचे दोन शब्द विचारले नाहीत. याचंच मला नवल वाटलं.

आता खरी पंचाईत सुरू झाली. डाव्या हाताने मुख्य काम करायचं आणि उजव्याने धागा नुसता दाबून धरायचा, असं तिने ठरवलं. पण गाठ मारतात कशी हेच तिला सांगता येईना. अंगठा आधी की बोट आधी? आयुष्यभर मारलेली गाठ, आणि विचारायला जावं तर आत कोणी उत्तर देत नाही.

"गाठ माज्या डोक्यात नव्हतीच, मास्तर. बोटांत होती."

मी शिक्षकच. मी समजावलं की बोटात काही साठत नाही. गाठ मेंदूतच असते, पण मेंदूच्या अशा भागांत, जे काम करतात आणि बोलत नाहीत. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतोस विचारलं तर त्यालाही सांगता येत नाही.

"कोण म्हणता?"

"विज्ञान म्हणतं."

"मगे विज्ञानाक सांगा, गाठ मारून दाखव."

त्याच आठवड्यात माझा मेंदूचा धडा आला. दहा मुलं गॅलरीत हाताला हात धरून उभी केली. जिन्याकडचा मुलगा मेंदू, दुसऱ्या टोकाची प्रज्ञा हात. मेंदूने शेजाऱ्याचा तळवा दाबायचा, त्याने पुढच्याचा, आणि प्रज्ञापर्यंत निरोप पोचला की तिने हात वर करायचा. शरीरात हे डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, मी सांगितलं. डाव्या मेंदूचे निरोप मानेच्या वरच्या अंगाला ओलांडून उजव्या बाजूला जातात, म्हणून मावशीचं दुखणं डोक्यात डावीकडे आणि हात लुळा उजवा, हेही सांगितलं. मग मेंदूच्या लगतच्या दोन मुलांना बाजूला काढलं. निरोप तिथेच थांबला.

"बघा, प्रज्ञाच्या हाताला काही झालेलं नाही. निरोपच येत नाही. आणि मेंदूच्या ज्या पेशी मेल्या त्या काही परत येत नाहीत. म्हणजे हा रस्ता संपला."

"मास्तर, पोरांका खोटां शिकवू नका!"

ती खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. काठी आपटत म्हणाली, "खात्यात बाजूची बाय रजेर गेली तर तिचा काम कोण बघी? बाजूचीच बघी मां? पयल्या दिवशी धांदल उडता. मगे हात बसता. ए मेंदू, हात लांब कर! तू पण, गो!"

मेंदूने आणि रिकाम्या जागेपलीकडच्या मुलीने हात ताणले. बोटांची टोकं कशीबशी लागली. निरोप पुढे सरकला, रखडत गेला, पण प्रज्ञाचा हात वर झाला. मुलांनी एवढा आरडाओरडा केला की खालचे लोक वर बघू लागले.

मी चूक कबूल केली. मेलेली पेशी परत येत नाही हे खरं, पण शेजारच्या पेशी तिचं काम शिकू शकतात. पुन्हा पुन्हा करून घेतलं तर. सगळं येत नाही, सगळ्यांना येत नाही. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तुटला तर हे इतकं सोपं नसतं. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी "संपला" म्हणालो होतो. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

खेळ संपला. प्रज्ञाच्या परकराचा दोरा तुटला होता. उभ्या उभ्या, मैत्रिणीशी बोलत तिने तो गाठ मारून जोडला. डाव्या अंगठ्याने.

मावशीची काठी खाली पडली. "गो चेडवा, हय ये. परत मार. सावकाश."

ज्या उलट्या गाठीसाठी तिने महिनाभर शिव्या घातल्या होत्या, नेमकी तीच तिला हवी होती. तिच्या डाव्या हाताला जे शिकायचं होतं ते चाळीतल्या सात-आठ पोरांच्या डाव्या हातांत दोन वर्षं पडून होतं. "माज्या पाठी उभी रव," ती म्हणाली. गिरणीची रीत अखेर पाळली गेली. प्रज्ञा खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने आपले हात मावशीच्या हातांवर ठेवले.

शेजारी हसले. या वयात कशाला हा त्रास, म्हणाले. मला त्यांचा राग यायचा, अजून येतो. डावा हात पंधरवड्यात तयार झाला. उजवा धागा धरेना. मुलांनी पाळ्या लावल्या. रोज शाळेतून आल्यावर कोणीतरी तिच्या अंगठ्यात आणि बोटात धागा द्यायचं, तो गळायचा, पुन्हा द्यायचं. एकदा ती रडली. मुलं बावरली तेव्हा म्हणाली, "डोळे रडतत. हाताचा काम चालू ठेवा." गणपती गेले तरी धागा गळतच होता. नवरात्रात एका दुपारी तो गळला नाही.

दसऱ्याला गिरणीत मशिनींना झेंडूची तोरणं बांधत. मावशी घरी पाटावर एक लाकडी बॉबिन पुजायची. मुलगा आला, पिशव्या घेऊनच. तिने धागा तोडला आणि जोडायला बसली. इतका वेळ लागला की मुलाने तोंड फिरवलं. शेवटी तिने धागा त्याच्यापुढे धरला. "ओढ."

त्याने ओढला. धागा तुटला, पण गाठीपासून वीतभर पलीकडे. गाठ होती तिथेच होती.

मुलाने पिशव्यांची घडी घातली. मावशीने डाव्या हाताने उजवा हात उचलून पाटावर, बॉबिनशेजारी ठेवला आणि प्रज्ञाला म्हणाली, "ह्येच्यार पण एक फूल घाल."

त्यानंतर ती आणखी तीन वर्षं राहिली. उजव्या हाताने पोळी कधी लाटता आली नाही, पण गॅस पेटवला, दार उघडलं, मला चहा दिला. गेली तीही आपल्या खोलीत, दुपारी झोपेत.

तेराव्यानंतर मुलगा खोली आवरायला आला. मी मदतीला गेलो. तो साड्यांचं गाठोडं बांधत होता. सुतळी तोकडी पडली म्हणून त्याने दुसरा तुकडा घेतला. माझ्याकडे बघत, विरारच्या पाण्याबद्दल काहीतरी सांगत, त्याने दोन्ही टोकं बोटांत धरली. उजवा अंगठा फिरला. सुतळी अखंड झाली.

मी बघतोय हे पाहून त्याने खाली पाहिलं. मग बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिला.

"मास्तर," तो म्हणाला, "मी तर ही गाठ विसरलो होतो."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कोण म्हणता?"