आईनं विचारलं तेव्हा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच. सांगायचं म्हणून कितीदा बसले, आणि उठून दुसऱ्याच कामाला लागले. आता थकले आहे. लपवायलाही ताकद लागते हो — ती उरली नाही.

आम्ही कलकत्त्यात भवानीपूरला राहत होतो. वडील, म्हणजे अण्णा, सरकारी नोकरीत, नागपूरहून बदली होऊन आलेले. घरात आई, मी आणि माझी धाकटी बहीण शकू. फाळणी झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शकू घटसर्पानं गेली. तीन वर्षांची होती. घसा दुखतो म्हणाली, आणि आठवडाही निघाला नाही.

आई त्यानंतर बोलेनाशी झाली. रडायचीही नाही. खिडकीशी बसून राहायची. वेणी घातली तर घालून घ्यायची, ताट पुढे ठेवलं तर चार घास खायची. मी चौदा वर्षांची. माझी शाळा सुटली, घर माझ्या अंगावर पडलं. लोक म्हणायचे, बिचारी पोर. पण — हे सांगताना अजून जीभ अडखळते — मला ते आवडायला लागलं होतं. भाजी काय आणू, हे अण्णा मला विचारायचे. कोठीची किल्ली माझ्या कमरेला. गावातली चार मराठी माणसं घरी आली की म्हणायची, कुसुमनं घर सावरलं. कुणाला नाही आवडणार?

वरच्या मजल्यावर लाहिडी राहायचे. त्यांच्या बायकोला आम्ही काकीमा म्हणायचो. तेव्हा पूर्व बंगालमधून निघून आलेल्या माणसांनी सियालदहच्या फलाटावरच संसार मांडले होते, आणि काकीमा तिथल्या पोरांसाठी दूध घेऊन जायच्या. एका सकाळी त्यांनी आईला हाताला धरून सोबत नेलं. अण्णा म्हणाले, जाऊ दे, तेवढीच हवा लागेल तिला.

आई दुसऱ्या दिवशीही गेली. मग रोज. मग काकीमांना जमलं नाही तर एकटीच ट्रामनं जायला लागली. तिथल्या बायकांनी तिला नाव विचारलं. आई, वहिनी, अहो — यापलीकडे तिला कित्येक वर्षांत कुणी हाक मारली नसेल. तिनं सुलोचना सांगितलं, त्यांनी त्याचं शुलोचोनादी केलं. घरी येऊन तिनं ते आम्हाला म्हणून दाखवलं आणि हसली. शकू गेल्यावर पहिल्यांदा हसली. अण्णांचे डोळे भरून आले. माझे नाही.

ती पोरांना न्हाऊ घालायची, बाळंतिणींजवळ बसायची, मोडकंतोडकं बंगाली बोलायची. जेवताना तिथल्या गोष्टी सांगायची. बरिशालची एक म्हातारी अंगणातली तुळस मातीसकट पदरात बांधून घेऊन आली होती, तिची गोष्ट तर आईनं दोनदा सांगितली. लोक म्हणायचे, पहिल्यासारखी झाली हो. मला तसं वाटायचं नाही. पहिली आई इतकं बोलायची कुठे? ही कुणी वेगळीच बाई होती, आणि ती मला ओळखीची नव्हती.

मग एके दिवशी तिनं माझ्या हातातली पळी काढून घेतली. आता तू शाळेत जा, म्हणाली, घरचं मी बघते. किती साधी गोष्ट! दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला वाटलं — मला कामावरून काढून टाकलं.

त्याच आठवड्यात मी तिच्याबरोबर सियालदहला गेले. फलाटावर एक लहान मुलगी बसली होती, तिच्या अंगात शकूचं निळं परकर-पोलकं. मी बघतच राहिले. आई म्हणाली, थंडी आहे, पेटीत पडून राहण्यापेक्षा कुणाच्या अंगाला तरी लागू दे. त्या मुलीची आई शेजारीच होती. माझी आई त्या मुलीला खुकी म्हणत होती, बंगालीत कुठल्याही लहान मुलीला म्हणतात तसं, सगळे म्हणत होते तसंच. माझ्या कानांनी ऐकलं मी.

संध्याकाळी अण्णांनी सहज विचारलं, काय काय पाहिलंस? मी म्हणाले, "अण्णा, आई तिथल्या एका मुलीला शकू म्हणते. शकूचे कपडे घालते तिला. तिला घरी आणणार आहे."

ठरवून बोलले का? नाही म्हणायला जीव धजत नाही. कपड्यांचं खरं होतं, म्हणून बाकीचंही खरं वाटणार, एवढं मला नक्की कळत होतं.

अण्णांनी आईला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, असं काही नाही, त्या पोरीला तिची आई आहे, मी कशाला शकू म्हणेन? मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रडायला लागले. अण्णांना तेवढं पुरलं. आई जितकी शांतपणे नाही म्हणत गेली, तितके ते जास्त घाबरले. डॉक्टर झाले. मग तिला अमरावतीला मामाकडे पाठवायचं ठरलं. हावड्याला गाडीत बसताना तिनं माझ्या गालाला हात लावला आणि शाळा सोडू नको म्हणाली. मी शाळेत गेले नाही. किल्ली परत माझ्याकडे आली होती.

वर्ष उलटून गेल्यावर आई परतली. काम सगळं करायची, पण विचारून विचारून. मीठ घातलं का गं मी? दार लावलं ना? काकीमा बोलवायला आल्या तर म्हणाली, मला बरं नसतं. पुन्हा कधी सियालदहला गेली नाही.

इथे थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, पोरवय होतं. म्हणूनच इथे थांबता येत नाही.

माझं लग्न झालं, डमडमला घर झालं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, मुलगी झाली. आई पाय पसरून तिला पायांवर घेऊन तेल लावत होती. आम्ही दोघीच होतो. मान वर न करता आईनं विचारलं, "कुसुम, मी त्या पोरीला खरंच शकू म्हणत होते का गं?"

रागानं नाही हो. ती खरोखर विचारत होती. इतकी वर्षं तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मी मोठी झालेली, एका मुलीची आई. खरं सांगून माझं काय जाणार होतं? अण्णा रागावले असते? आई तर मला एका शब्दानंही बोलली नसती.

मी म्हणाले, "हो, आई. म्हणायचीस."

तिचे हात थांबले. "अस्सं," ती म्हणाली. "मला आपलं वाटायचं, मी नाही म्हटलं. मग बरं केलं त्यांनी, पाठवलं ते."

तिनं मुलीचं अंग पुसलं, दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं. उद्यापासून न्हाऊ घालायला बाई बघू, म्हणाली. माझा काही भरवसा नाही.

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली. नातीवर तिचा फार जीव होता, पण एकटीनं तिला तिनं कधी घेतलं नाही. कुणीतरी जवळ बसलेलं लागायचं. बहुतेक वेळा मीच बसायचे.