अमेरिकेचा नियम

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते — कारण तुम्ही मनीषाला ओळखत नाही.

मनीषा माझ्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनी ऊसतोडीला गेले की ती केजला माझ्याकडे राहायची. पुढे पुढे ते परतले तरी ती जायचीच नाही. माझ्या साडीच्या निऱ्या तीच धरायची, आणि माझ्या भाकरीला नावं ठेवत ठेवत एक जास्तच खायची. मला मूल नाही — हे कारण म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते.

घरात कॉलेजात शिकवणारी मी एकटी. आमच्याकडे शिकलेल्या माणसाला एकदा विचारलं की दुसऱ्या कुणाला विचारत नाहीत. बीएस्सी झाल्यावर मनीषानं विचारलं, "आत्या, मला जर्मनीत एमएस्सी करायची हाय. आपली तीन वर्षांची पदवी चालती का तिकडं?"

मी चौकशी केली. नीट केली. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची पदवी मागत होते. जर्मनीत — तिथली पदवीच बहुतेक तीन वर्षांची. विषय जुळले तर आपली चालत होती. तिचे जुळत होते.

आणि मी काय सांगितलं? "न्हाई चालत गं. चार वर्षं लागतात."

अमेरिकेचा नियम मी जर्मनीला लावला. ती "बरं" म्हणाली आणि कणीक मळायला बसली. मला तिचाच राग आला. भांडायचं तरी होतंस की!

आता ती परळीत शिकवते. चांगली शिकवते. रविवारी येते, माझ्या डोक्याला तेल लावते, माझ्या पांढऱ्या केसांवरून मला चिडवते. परवा सोबत तिची एक विद्यार्थिनी होती, लिंबागणेशची. त्या पोरीनं नेमकं तेच विचारलं — जर्मनी, तीन वर्षं.

"न्हाई चालत," मनीषा ठामपणे म्हणाली. "आमच्या आत्यानं कवाच चौकशी केलती."

मी मेथी निवडत होते. आता तरी बोलायचं की नाही?

"जर्मनीत चालते," मी म्हणाले. "तीन वर्षांची चालते."

मनीषा माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "मग नियम बदलला असंल."

"असेल," मी म्हणाले.

तिनं जुडी माझ्या हातातून काढून घेतली. "दे इकडं, लई देठं ठेवायलीस." मी दिली.

नियम बदललेला नव्हता.